एका अंगठ्याचं ॲप

चाकूर-अहमदपूर एस.टी. निम्मी रिकामी असली तरी सूर्यवंशी मॅडम उभ्याच राहतात. उजव्या हाताने वरची दांडी धरायची, डाव्या हातात मोबाईल घ्यायचा आणि गचके खात अंगठ्याने बटणं दाबायची. कंडक्टरने त्यांना 'बसा' म्हणणं कधीच सोडून दिलंय.

त्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात, मी इतिहास. विद्यार्थ्यांना आपली कामं टिपून ठेवता यावीत म्हणून त्यांनी एक साधं ॲप करायला घेतलं आणि माझी बसमधली झोप गेली. मलाही उठवून उभं करतात. "सर, येका अंगठ्यानं हुतंय का बघा." नाही झालं, तर ते बटण गेलंच म्हणून समजा. आमच्या निम्म्या मुली अशाच लटकत कॉलेजला येतात, त्यांनी दुसरा हात कुठून आणायचा, हा मॅडमचा सवाल.

मुलांनी हौसेने रंग, तक्ते, बक्षिसाचे बिल्ले असं काय काय सुचवलं. मॅडम एकच विचारायच्या, "ह्येच्यानं सबमिशन हुतंय का?" शेवटी पडद्यावर उरलं आजचं काम आणि 'झालं' एवढं बटण. इतक्याशा गोष्टीसाठी इतकं भांडणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघतं, ही आणखी पंचाईत.

प्राचार्यांना ॲप आवडलं. कॉलेजभर सुरू करू म्हणाले, फक्त एक गोष्ट जोडा, काम राहिलं की वडिलांना मेसेज गेला पाहिजे.

"न्हाई, सर," मॅडम म्हणाल्या.

"मग कॉलेजला त्याचा उपयोग काय? मेसेज नसेल तर ॲपही नको."

सगळी मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती. 'हो म्हणून टाका' असं मी मॅडमना डोळ्यांनी खुणावत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"माझ्या थोरल्या बहिणीची येक वही अपुरी ऱ्हायली हुती," त्या खाली बघत म्हणाल्या. "सरांनी बाबांना सांगितलं. चांगल्या मनानंच सांगितलं. पण बाबांना बहाणाच पाहिजे हुता. उन्हाळ्यात तिचं लगीन लावून दिलं."

प्राचार्यांनी ॲप पुन्हा उघडून पाहिलं. मग म्हणाले, "मेसेज नको. आहे तसंच सुरू करा."

बाहेर आल्यावर मी अभिनंदन करायला वळलो, तर मॅडमचे डोळे भरलेले.

"लई हुशार हुती सर ती," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा."