नानांचा अंतरपाट

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधी जमलं नाही, तेवढं सांभाळून घ्या. शाळा चौथीपर्यंतच झाली. तोंडाने कुणाला सांगायची हिंमत होत नाही, म्हणून नानांबद्दल लिहून ठेवते आहे.

मोबाईल वर उचललेला दिसला की आमचे नाना हाताला येईल ती साडी घेऊन धावतात. दोन्ही हातांनी ती ताणून मोबाईल आणि माल यांच्यामध्ये उभी धरतात, लग्नात अंतरपाट धरतात तशी. वरून फक्त त्यांची टोपी दिसते, आणि साडीमागून आवाज येतो, "डोयाघाई देखा, माय! मोबाईलघाई नको!" म्हणजे डोळ्यांनी बघा, मोबाईलने नको.

नानांचं साड्यांचं दुकान धुळ्यात बाजाराच्या आतल्या गल्लीत आहे. पांढऱ्या गादीचं, जुन्या पद्धतीचं. तिथे मी साडी अंगावर लावून दाखवते. गिऱ्हाइकाने बोट दाखवलं की ती साडी माझ्या साडीवरूनच गुंडाळायची, निऱ्या धरायच्या, पदर खांद्यावर टाकून उभं राहायचं. उभं राहायची भीती नाही. भीती फोटोची. फोटो साडीचा काढला, तरी साडीच्या वर माझं तोंड असतं.

मी धरणगावकडच्या सासरहून निघून आलेली आहे. नवरा हात उचलायचा, ते सोसलं. एकदा विळा उचलला, तेव्हा सगळे शेतात गेल्यावर अंगावरच्या कपड्यानिशी एसटीत बसले. मी कुठे आहे ते त्याला ठाऊक नाही. अजून विचारत फिरतो, सापडली तर पाय तोडीन म्हणतो, असं मावशीने सांगितलं. आता एखाद्या बाईने साडीचा फोटो नणंदेला पाठवला, नणंदेने जावेला पाठवला, तर तो धरणगावला पोचायला कितीसा वेळ?

नानांना यातलं मी काही सांगितलं नव्हतं. कामावर ठेवताना त्यांनी गाव विचारलं. मी खाली बघत राहिले. ते म्हणाले, "बरं. निऱ्या पाडता येतस का?" तेवढंच.

फोटोबंदीचं कारण नाना सगळ्यांना एकच सांगतात. "सुरतवाले डिझाईन चोरतस!"

एकदा एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, "नाना, ही साडी सुरतहूनच आलीय ना?"

"मंग? तेस्नी धाडी, मी पैसा मोजा. आते फुकट परत कसाले देऊ?"

ती मुलगी हसून हसून गादीवर लोळली. नाना गंभीर.

एकदा एक माणूस खांबाला टेकून मोबाईल डोळ्यांसमोर धरून उभा होता. बायको साड्या बघत होती. नानांनी त्याच्यापुढे पैठणी ताणली. तो डावीकडे सरकला, नाना डावीकडे. तो उजवीकडे, नाना उजवीकडे. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "नाना, क्रिकेट बघतोय हो, शेवटची ओव्हर आहे!" नानांनी त्याला ओट्यावर पिटाळला. मग थोड्या वेळाने स्वतःच ओट्यावर गेले आणि हळूच विचारून आले, कोण जिंकलं.

बायांचंही काही खोटं नव्हतं. कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली, कुणाची लेक पुण्याला. त्यांना दाखवल्याशिवाय साडी घ्यायची कशी? नाना म्हणायचे, "साडीच घर ली जा. नही पसंत पडनी तर लई या." साडी घेऊन गेलेली सगळीच गिऱ्हाइकं काही परत आली नाहीत. तिकडे समोरच्या नव्या शोरूमने फोटोसाठी फुलांची कमान उभी केली आणि आमची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडायला लागली. मला वाटायचं, नानांना म्हणावं, काढू द्या फोटो, मी तेवढ्यापुरती मागे होते. पण मग मागे का, ते सांगावं लागलं असतं.

या लग्नसराईत एक मोठा बस्ता आला. आमच्याकडे नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत लग्नाचे सगळे कपडे एकाच दुकानात, एकाच बैठकीत घेतात, त्याला बस्ता म्हणतात. असा एक बस्ता झाला की दुकानाचा हंगाम निघतो. नवरीचे आजोबा, आबा, आधीच आगाऊ रक्कम देऊन गेले होते. नानांनी त्यातून शालू मागवून ठेवले होते.

सगळी मंडळी गादीवर बसली, चहा आला, आणि बोलता बोलता त्यांचं गाव कळलं. माझ्या हातातल्या निऱ्या सुटल्या. माझ्या सासरच्या शिवेला लागून त्यांची शीव. मी पदर डोक्यावरून पुढे ओढला. पण शालू दाखवायला तोंड वर करावंच लागलं, आणि तेवढ्यात नवरीच्या बहिणीने मोबाईल उचलला.

"फोटो नाही हं नाना, व्हिडिओ कॉल आहे. आत्याला दाखवते."

मोबाईलमधून आत्याचा आवाज आला, "शालू चांगला शे. पन ती दखाडनारी बाई माले वळखीनी वाटस वं! जराखा मोबाईल जोडे ले."

मोबाईल माझ्याजवळ आणायला मुलगी एक पाऊल पुढे आली आणि मध्ये साडी उभी राहिली. या वेळी नाना ओरडले नाहीत.

आबा मोठ्याने हसले. "नाना, हाई काय नाटक? मना मोठ्या नातीना बस्तामा तर तुम्हीच मझार बशीसन फोटो काढा व्हता! आमना आल्बममा पहिला फोटो तुमनाच शे!"

आबांच्या बायकोने भर घातली, "आमनाच का? आख्खा गावना आल्बममा शेतस नाना. सोतानं लगीन नही झायं, म्हनीसन लोकेस्ना लगनमा बसतस!"

सगळे हसले. मी साडीच्या अलीकडे होते. मला नानांची पाठ दिसत होती. मोठ्या नातीचं लग्न मी कामाला लागायच्या आधीचं. म्हणजे तोवर या दुकानात फोटो चालत होते. नाना मध्यभागी बसत होते.

"बरं, आते एक फोटो होई जावो," आबा म्हणाले. "बठ्ठासंगे." बठ्ठा म्हणजे सगळे.

"वट्टावर चला, मी येस."

"नाही, इथेच, साड्यांमध्ये!" मुलगी म्हणाली. "आणि त्या ताईंना पण घ्या. आत्या विचारतेय कोण आहेत त्या."

नानांनी साडी खाली घेतली, घडी घातली आणि म्हणाले, "माले हाऊ बस्ता नही करना. उठा."

मांडलेल्या बस्त्यावरून मंडळींना कुणी उठवत नाही. तो अपमान असतो, अपशकुनही. आबांचा चेहरा लाल झाला. "मना आगाऊ पैसा?"

"भेटी जाई."

गल्ल्यात होते तेवढे नानांनी तिथेच दिले. बाकीचे आठवड्याने देतो म्हणाले. मंडळी समोरच्या शोरूममध्ये गेली. कमानीखाली त्यांचे फोटो निघत होते, ते आम्हाला गादीवरून दिसत होतं.

मी म्हटलं, "नाना, मी काम सोडते."

"तू सुरतवाली शे का?"

"नाही."

"मंग तुले कसानी भीती? घड्या कर."

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. ओट्याशी मोटरसायकल थांबली की मी गठ्ठ्यांमागे. विळा दिसायचा डोळ्यांपुढे. नानांनी ते शालू समोरच्या शोरूमलाच पडत्या भावात विकले आणि रक्कम जमवली.

मग आबा आले. मी गठ्ठ्यांमागे तोंडावर पदर दाबून बसले.

"नाना, पोरनी आत्या इचारी ऱ्हायनी व्हती. ती बाई कोन, कोना गावनी?"

"कोनती बाई?" नाना म्हणाले. "मना दुकानमा मी एकलाच शे."

आबांनी बाईचं तिथेच सोडलं. मग नोटा मोजल्याचा आवाज आला.

"बठ्ठा पैसा भेटना का, आबा?"

"बठ्ठा भेटना."