आप्पांच्या झोळीची दिशा

वधूपित्याने कन्यादानाच्या समयी जागे असावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. परंतु त्यासाठी त्याला आदल्या रात्री निजू द्यावे, हे मात्र कोणत्याही स्मृतिकाराने सांगून ठेवलेले नाही.

पालीचे आप्पा फाटक थोरल्या कन्येच्या विवाहात ऐन संकल्पाच्या वेळी पेंगले होते. तिचे सासरे, सावर्ड्याचे धोंडूअण्णा, तेव्हापासून प्रत्येक भेटीत “काय आप्पा, उठलात का?” असे विचारीत. आता धाकट्या दमयंतीचा मुहूर्त उद्यावर आला होता. घर पाहुण्यांनी शिगोशीग भरले होते, आप्पांचे अंथरूण मानाने धोंडूअण्णांकडे गेले होते, आणि आप्पांचा डोळा कित्येक रात्री लागला नव्हता.

“उद्या पुन्हा पेंगलो तर जन्मभर तोंड दाखवायला नको,” ते रात्री निजानीज झाल्यावर मागल्या अंगणात हताशपणे म्हणाले.

ऐकणारा जयगडचा मुसा तांडेल होता. लग्नाचे नारळ घेऊन तो आला होता. “आप्पानु, माझी झोळी घ्या. दर्यावर आमी तिच्यातच निजतो.” शिडाच्या कापडाची ती झोळी त्याने आंबा आणि फणस यांच्यामध्ये टांगली. आप्पा आत शिरले आणि मध्यभागी गाठोड्यासारखे गोळा झाले. मुसाने दोर ताणले. तेव्हा झोळीने त्यांना सरळ जमिनीवर उतरविले. अखेर बेताचा झोल साधला. आप्पांनी डोळे मिटले.

“अरे, डोकं उत्तरेला?” त्यांच्या वडील भगिनी गंगुबाई दारात उभ्या होत्या. “तसं कुणाला निजवतात, ठाऊक आहे ना? आणि तेही लग्नघरात?”

आप्पा उतरले, फिरले आणि दक्षिणेस डोके करून निजले.

“आता पाय देवीच्या देवळाकडे झाले,” गंगुबाई म्हणाल्या.

मुसाने झोळी सोडून फणस आणि रातांबा यांच्यामध्ये बांधली. पूर्वेस डोके केले, तो पश्चिमेस जानवसघर. “नव्या व्याह्यांना पाय दाखवतोस? अजून मुलगी द्यायची आहे.” पश्चिमेस डोके करावे, तर पाय घराकडे, आणि घरात तर देवक बसलेले.

“आप्पानु, तिरके निजा,” मुसा म्हणाला. “तिरका निजला की पाठ पन सरळ ऱ्हाते.”

आप्पा तिरके निजले. पाठ खरोखरच सरळ झाली. एवढ्यात आवाजाने जागे झालेले एक वृद्ध पाहुणे बाहेर आले. “ही आग्नेय. पाय अग्नीकडे?” त्यांच्यामागून दुसरे आले, त्यांचे मत नैर्ऋत्येविषयी प्रतिकूल होते. लग्न लावावयास आलेले भटजी आले. धोंडूअण्णाही आले, आणि प्रवासात असलेल्या मनुष्यास दिशेचा दोष लागतो काय, हा प्रश्न त्यांनी मोठ्या उत्साहाने मांडला.

“पण मी प्रवासात नाही हो. घरीच आहे,” आप्पा झोळीतून क्षीण स्वरात म्हणाले.

“तोच तर मुद्दा आहे. तुम्ही मध्ये बोलू नका.”

“ह्यांना बंदरच नको हाय,” मुसा पुटपुटला आणि नारळांच्या राशीला टेकून घोरू लागला.

वाद रंगला, आणि एकेक करीत सारे पाहुणे अंगणात जमले. चहाची दोन पातेली झाली. आप्पा झोळीतून उतरल्याचे कोणाच्या ध्यानी आले नाही. आत सारे घर रिकामे होते. त्यांना आपले अंथरूण सापडले, आणि कोणत्या दिशेस डोके आहे हे न पाहताच ते गाढ निजले.

अंगणातला वाद पहाटेपर्यंत चालला. मुहूर्तावर मंडपात अपूर्व शांतता होती. सारी सभा डोलत होती. भटजी दोन मंत्रांच्या मध्ये अंतर्धान पावत होते, आणि आप्पा त्यांना कोपराने हळूच परत आणीत होते. समोर धोंडूअण्णांची मान छातीवर विसावली होती. आप्पांनी संकल्प सुस्पष्ट सोडला. पण तो ऐकावयास जागे होते कोण? शेजारी बसलेल्या पत्नीने पदर डोळ्यांना लावला होता.

दमयंतीचा हात त्यांच्या हातातून सुटला. आप्पांचे डोळे भरून आले. ते कोणास दिसू नयेत म्हणून त्यांनी क्षणभर घट्ट मिटून घेतले.

नेमके त्याच क्षणी धोंडूअण्णा जागे झाले.

“काय आप्पा,” ते समाधानाने म्हणाले, “याही खेपेला झोपलात ना?”

आप्पांनी उपरण्याने तोंड पुसले. “हो अण्णा,” ते म्हणाले, “लागला खरा जरा डोळा.”

ईश्वर दमयंतीचा संसार सुखाचा करो. धोंडूअण्णांस दीर्घायुष्य देवो. आणि लेक सासरी गेल्यावर रित्या झालेल्या घरात आप्पांना शांत झोप लागो.