सात मिनिटं पुढचा टॉवर

हिलालआप्पांनी हातात घड्याळ कधी बांधलं नाही, आणि तुमच्या हातातलं बरोबर आहे हेही कधी मान्य केलं नाही. चौकातल्या टॉवरकडे बोट दाखवून म्हणायचे, "घडी बराबर शे भाऊ. गाव मांगे शे."

सिल्वासाजवळच्या आमच्या गावातला हा टॉवर फार पूर्वी एका शेठने बायकोच्या स्मरणार्थ बांधला. तिच्या नावाच्या दगडावर चुन्याचे इतके हात फिरले की ते नाव आता फक्त आप्पांनाच माहीत. आप्पा मूळचे शिरपूरकडचे, नरोलीच्या कारखान्यातले निवृत्त फिटर. दर गुरुवारी चपला खाली काढून वर चढायचे, तेल घालायचे, चावी द्यायचे आणि कबुतरांना शिस्तीबद्दल चार शब्द सुनावायचे. ते आम्हाला खाली ऐकू येत.

हे घड्याळ सात मिनिटं पुढे असे. आप्पांनीच ठेवलेलं. गावाने त्यावर तोड काढली होती: टॉवर बघायचा, सात वजा करायचे, चहा निवांत संपवायचा. नाशिकहून नोकरीला आल्यावर मीही चार दिवसांत शिकलो.

गेल्या महिन्यात आप्पा तापाने पडले आणि पंचायतीने वापीहून मेकॅनिक बोलावून घड्याळ बरोबर लावून घेतलं. कोणाला सांगायचं तेवढं राहिलं. दुसऱ्या सकाळी फर्स्ट शिफ्टची अख्खी पलटण टपरीवर सात वजा करत बसली, आणि कंपनीची बस रिकामी निघून गेली. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात होता. माझ्याही.

राग निघाला तो आप्पांवर. सरपंचांनी पंचायतीत सगळ्यांसमोर बजावलं, "आप्पा, आजवर चुकलं म्हणा आणि पुढं बरोबर ठेवा. नाहीतर चावी द्या."

आप्पांनी चावी टेबलावर ठेवली. मला फार वाईट वाटलं.

परतताना ते टॉवरच्या पायरीवर टेकले. मी विचारलं, "सात मिनिटांसाठी चावी सोडली?"

"मन्ही बायको धाग्याच्या कंपनीत जाय," आप्पा म्हणाले. "दाराले कडी लावे, परत उघडीसन गॅस देखे. रोज बस चुके, रोज रडे. मंग मी काटा पुढे करी दिधा. तिले सांगं नही. नंतर तिनी एक बी बस चुकनी नही."

काकूंना जाऊन पाच वर्षं झाली होती.

"पण लोकांनी सांगितलं असेल की त्यांना."

"सांगेत ना. घडी पुढे शे म्हणेत. ती भांडे त्यासनासंगे. म्हणे, मना नवरानी घडी बराबर शे, गाव मांगे शे." आप्पांनी चुन्याखालच्या दगडावरून हात फिरवला. "आते मी कसा सांगू भाऊ, ती चुकनी व्हती?"

मी वर पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी मनात सात मिळवले.