धाकट्याचा करार

परबकाका उभं राहून बोलायला लागले की त्यांचा डावा पाय जागचा हलत नाही. भाजीवाली एकीकडे, रिक्षावाला दुसरीकडे, मागून कुणीतरी हाक मारतंय, तरी काका त्या एका पायावर गर्रकन फिरतात, पण पाय उचलत नाहीत. मानपाड्याजवळच्या एका केमिकल कंपनीत असताना ते तिथल्या बास्केटबॉल टीममध्ये होते. उंची म्हणाल, तर आमच्या जिन्यातल्या मीटरबॉक्सपर्यंत हात पोचायला त्यांना स्टूल लागतं.

"चेंडू हातात असताना दोन्ही पाय हलले की पंच शिट्टी मारतो, सर," त्यांनी मला एकदा समजावलेलं. मी ठाण्याला कॉलेजात शिकवतो, म्हणून 'सर'.

"काका, हातात दुधी आहे."

"असू दे. पायांची सवय बिघडते."

डोंबिवली पूर्वेला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर ते आणि त्यांची सून शलाका, एवढी दोनच माणसं. काकू बऱ्याच आधी गेलेल्या. मुलगा निखिल करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. शलाकाचे आईवडील तिला न्यायला चिपळूणहून आले, तेव्हा ती "थोडे दिवस थांबते" म्हणाली आणि थांबलीच. ठाण्याला एका लॅबमध्ये नोकरी करते.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या मॅचेस आपल्याकडे सकाळी दिसतात. ते वेड मूळ निखिलचं. तो गेल्यावर त्या घरातला टीव्ही कितीतरी महिने बंद होता. मग एका रविवारी शलाकाने मॅच लावली. काका आतून आले, शेजारच्या खुर्चीत बसले आणि दोघं शेवटपर्यंत एक शब्द न बोलता बघत राहिली. पुढच्या रविवारी मात्र एका चुकलेल्या पासवरून दोघांचं इतकं वाजलं, की मी वरून काय झालं म्हणून बघायला गेलो. तेव्हापासून मीही तिथलाच. नंतर भोईरशेठ आले. ते इथले मूळचे. आमची बिल्डिंग उभी आहे ते त्यांच्या वडलांचं शेत.

गेल्या जुलैत त्या घरातलं वातावरण तापलं ते एका पोरसवदा खेळाडूवरून. टीममध्ये सगळ्यांत लहान, म्हणून आम्ही त्याला 'धाकटा' म्हणायचो. त्याचा पहिला करार संपलेला आणि तो झालेला 'रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट'. म्हणजे अर्धवट मोकळा. दुसरी टीम त्याला मागणी घालू शकते, तो होही म्हणू शकतो. पण जुन्या टीमने ठरलेल्या मुदतीत "तेवढंच आम्ही देतो" म्हटलं, की त्याला गुपचूप जुन्याच घरी राहावं लागतं.

"बरोबर आहे," काका म्हणायचे. "घरच्यांनी घडवलाय त्याला. पहिला हक्क घरचा."

"त्याने एक वर्षाचा छोटा करार करावा," शलाका म्हणायची. "वर्ष काढावं आणि मग पूर्ण मोकळं व्हावं. कुणाला विचारायला नको."

"आणि वर्षात गुडघा गेला म्हणजे?"

"जाऊ दे. गुडघा त्याचा आहे."

भोईरशेठचा सल्ला कायम एकच असे. "बिल्डर समोर बसलाय तवर सही कराची. उद्या तो बी येत नाय न् परवा बी येत नाय."

एका रविवारी दुसऱ्या टीमने खरोखरच मागणी घातली. धाकट्याने सही केली. आता जुन्या टीमचं उत्तर यायचं होतं. काका खोलीत येरझाऱ्या घालत होते. "सोडणार नाहीत. कसे सोडतील?"

"तुम्ही सगळे हक्काचंच बोलता," शलाका एकदम म्हणाली. "इतकी वर्षं खेळला ना तो तुमच्यासाठी? त्याला काय हवंय ते विचारलं का कुणी?"

'तुमच्यासाठी' हा शब्द जरा जोरात आला. ती उठून आत गेली. भोईरशेठ चहात बघत बसले. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, उद्या मी तुमच्याबरोबर ठाण्याला येतोय."

बसमध्ये बसल्यावर त्यांनी कारण सांगितलं. शलाकाच्या लॅबमध्ये अमेय नावाचा माणूस आहे. त्याने तिला लग्नाचं विचारलंय. शलाकाच्या आईने फोनवर सांगितलं होतं. शलाका स्वतः मात्र घरी चकार शब्द बोलली नव्हती.

"मग आपण काय करणार?" मी विचारलं.

"खेळाडू बघणार."

धाकट्याला सोडायला तयार नसलेला हा माणूस त्या अमेयला काय काय सुनावेल, याचा नेम नव्हता. लॅबसमोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही उभे राहिलो. जेवणाच्या सुट्टीत एक किरकोळ, चष्मेवाला माणूस बाहेर आला, आमच्याकडे बघून थबकला आणि सरळ रस्ता ओलांडून आला.

"परबकाका ना? शलाकाच्या मोबाईलवर तुमचा फोटो बघितलाय."

काकांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "बास्केटबॉल?"

"नाही. कॅरम खेळतो थोडा."

काकांनी मान हलवली. आशा सोडल्यासारखी.

अमेय चाचरत म्हणाला, "काका, ती म्हणते, बाबांना एकटं टाकून येणार नाही. मी डोंबिवलीला यायला तयार आहे. तुमच्या घरी राहू आपण सगळे."

मला वाटलं, सुटलो. काकांनी मात्र हातातला कप टपरीवर ठेवला.

"नको," ते म्हणाले. "त्या घरात भिंतीवर निखिल आहे. रोज त्याच्यासमोरून तुम्हाला चहा घेऊन जाईल ती. तुम्ही ठाण्यातच राहा. तिला मी तयार करतो."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते.

दोन दिवसांनी सकाळी बातमी आली. मी कॉलेजला निघालेलो, भोईरशेठनी फाटकातच धरलं आणि काकांच्या घरी नेलं. जुन्या टीमने तेवढाच करार देऊ केला होता. धाकटा तिथेच राहणार.

"रायला घरान," भोईरशेठ खूश होऊन म्हणाले. "काका, जिकलंव तुमी."

काकांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. शलाका डबा भरत होती. तिच्याकडे बघत ते म्हणाले, "मी सोमवारी ठाण्याला गेलेलो. अमेयला भेटलो. माणूस बरा आहे. ठाण्यात राहायचं असं सांगून आलोय त्याला."

शलाकाने डब्याचं झाकण खाली ठेवलं. "मला न विचारता?"

"तुझ्या भल्यासाठीच..."

"धाकट्याला ठेवून घेणारेही हेच म्हणत असतील." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. "थांब म्हणणारे तुम्ही नाही आणि जा म्हणणारेही तुम्ही नाही, बाबा. मी राहिले ते मला राहायचं होतं म्हणून."

भोईरशेठ "मी निंगतो" म्हणाले आणि बसूनच राहिले. मला दारापर्यंत जायचं होतं, पण मध्ये ती दोघं उभी होती.

काका खुर्चीत बसले. एवढासा माणूस आणखी लहान दिसायला लागला.

"विचारायची भीती वाटली गं," ते म्हणाले. "तू 'राहते' म्हणाली असतीस, तर मी लगेच हो म्हटलं असतं."

शलाका त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "मग आता विचारा."

"तुला काय हवंय, बाळा?"

"लग्न करायचंय. ठाण्यात राहायचंय. आणि रविवारी इथे यायचंय. कुणाला घेऊन नाही. मी एकटी."

डिसेंबरात लग्न झालं. काका सकाळपासून सगळ्यांना फोटोसाठी रांगेत उभं करत होते आणि जेवताना अमेयला चेंडू कसा धरायचा ते लाडू घेऊन शिकवत होते.

आता आठवडाभर त्या घरातला टीव्ही बंद असतो. झालेली मॅच मोबाईलवर नंतर केव्हाही बघता येते, म्हणून काका रविवारी शलाका येईपर्यंत थांबतात. तोवर निकाल कानावर पडता कामा नये. पेपरचं खेळाचं पान शेजारी काढून घेतात. भोईरशेठ नाक्यावर दिसले की काका रस्ता बदलतात, कारण शेठच्या पोटात काही राहत नाही.

परवा गुरुवारी जिन्यात समोरासमोर आलो. धाकट्याची सकाळची मॅच मी बघून निघालो होतो. काकांनी हात वर करून मला थांबवलं.

"सर, बोलू नका. हसूसुद्धा नका."

मी चेहरा कोरा ठेवला. तरीही त्यांनी धोका पत्करला नाही. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि मी खाली उतरून फाटकाबाहेर जाईपर्यंत तसेच उभे होते.