सोयराबाईंच्या नावामागचं ‘कै.’

अक्षराचं लग्न ठरलं त्या वर्षीची ही गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. मल्लेश्वरमातल्या त्या घराच्या फाटकापुढे आयुधपूजेला कुंकू भरून फोडलेल्या कोहळ्याचा लाल डाग अजून तसाच होता.

अक्षराचे आजोबा कृष्णमूर्तीअण्णा. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात त्यांनी टायपिस्ट म्हणून जन्म काढला होता. घरात टेबलावरचा एक जुना कंप्युटर होता, आणि त्यावर अण्णांचं पोटच्या पोराहून जास्त प्रेम होतं.

“बैल आहे बैल!” ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. “थकणं ठाऊक नाही याला. लग्नपत्रिकेचं सगळं काम मेलवर करणार मी!”

आणि एका सकाळी पत्रिकेचा नमुना मेलवर आला. गावातल्याच शिवाजीनगरच्या छापखान्यातून गिरीराजने पाठवलेला. अक्षराने माऊसने उघडून दिला, अण्णांनी चष्मा लावून वाचला आणि त्यांचा चेहरा शिळ्या इडलीसारखा झाला. ‘कै. आप्पाजी व कै. सोयराबाई यांची पणती.’

आप्पाजी, म्हणजे अण्णांचे वडील, खरंच कैलासवासी होते. पण आई? सोयराबाई बाहेर पडवीत बसून शेंगा सोलत होत्या!

अण्णांनी छापखान्यात फोन लावला. “अरे गिरीराजा, माझी आई जिवंत आहे!”

“सरी, बरं अण्णा, आनंद आहे,” गिरीराज म्हणाला. “पण तुम्हीच फोनवर दोन्ही नावं एका दमात सांगितली. आता तोंडी काही नको. तुमच्या मेलवरून दुरुस्ती लिहून पाठवा. संध्याकाळी मशीन सुरू होणार. मेल नाही आला, तर आहे तेच छापणार!”

अण्णा हसले. मेल? त्यात काय! खुर्चीवर बसले, पासवर्ड टाइप केला, आणि टाइपरायटरवर आयुष्य काढलेल्या माणसासारखी एंटरवर थाप मारली. मेलचा प्रोग्राम उघडला. वरचंच पत्र उघडलं. मग पुन्हा तेच उघडलं. पुन्हा. पुन्हा! खिडकीवर खिडकी, खिडकीवर खिडकी, आणि प्रत्येकीत ‘कै. सोयराबाई’! शेवटी पडदा गोठला. बैल बसला तो बसलाच.

बंद केला, सुरू केला. पुन्हा तेच. आई पडद्यावर शेकड्यांनी वारली.

“आईला इकडे येऊ देऊ नको!” अण्णा बायकोला म्हणाले. मथुराबाईंनी सासूबाईंपुढे शेंगांची आणखी एक टोपली ओतली.

अक्षराने होणाऱ्या नवऱ्याला बोलावलं. निहार पुण्याचा, इथे आयटीत. सासुरवाडीत पहिलंच काम, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आला.

“आजोबा, मेलबॉक्स फुल झालाय बहुतेक. किंवा एखादं ॲड-ऑन अडतंय. सिंपल आहे. नाहीतर माझ्या फोनवरून लॉगिन करूया ना, दोन मिनिटांत होईल!”

“माझ्या आईचं मरण मी दुसऱ्याच्या फोनवरून रद्द करणार नाही!” अण्णा कडाडले.

निहारने मुकाट्याने माऊस हातात घेतला. जुन्या फायली हलवल्या, नको ते काढलं, व्हायरस तपासला. पासवर्डाची वेळ आली तेव्हा तोंड भिंतीकडे फिरवून उभा राहिला. खरं तर अण्णा पासवर्ड पुटपुटत टाइप करत, त्यामुळे तो समोरच्या दुधवाल्यालाही पाठ होता. पण अण्णांना हे कोणी सांगितलं नव्हतं. अण्णांचं टाइप करून होताच निहारने माऊसने ‘ओके’ केलं. प्रोग्राम उघडला आणि लोण्यासारखा चालायला लागला.

“झालं की! लिहा आता.”

“असं नाही. बंद कर. पहिल्यापासून मी करणार.”

बंद केलं. अण्णांनी पासवर्ड पुटपुटला, एंटरवर थाप मारली. खिडक्या, खिडक्या, खिडक्या! ठप्प!

निहारने केलं की चाले, अण्णांनी केलं की गोठे. असं तीनदा झालं.

“काय केलंस याला?” अण्णांचे डोळे बारीक झाले. “फितवलास?”

“आजोबा, मी फक्त क्लिक करतोय!”

“अज्जा, उगाच त्याला बोलू नको,” अक्षरा म्हणाली.

“लग्नाआधीच त्याची बाजू! वा!”

“ह्यांचं घरात तरी कोण ऐकतंय, कंप्युटर ऐकेल!” मथुराबाई दारातून म्हणाल्या. आणि बोलायला उठल्या त्यामुळे पहारा सुटला. त्यांच्या मागून सोयराबाई आत आल्या होत्या.

सोयराबाईंना अक्षरं ओळखायला अक्षराने शिकवलं होतं, तेही सत्तरी उलटल्यावर. दिसेल ते वाचायची त्यांना भारी हौस. पडद्यापाशी जाऊन त्यांनी बोट लावलं. “कै... सो... य... रा...” मग मान वळवली. “कृष्णा, ही मीच काय रे?”

अण्णांनी पडद्यापुढे हात धरला.

“कधी गेले मी?”

“आई, ते छापखान्याचं...”

“गेले तर गेले. मग तेराव्याचं गोडधोड तरी करा. सकाळपासून नुसत्या शेंगा सोलायला लावल्यात मेलेल्या बाईला!”

पत्रिका हजार घरी जाणार होती. “नाही छापू देणार!” म्हणत त्यांनी कंप्युटर पुन्हा सुरू केला, सगळा जीव बोटात आणून एंटर दाबलं, आणि किंचाळले, “आई गं!”

बोटाला लाल मुंगी लोंबत होती. तिच्यामागे तिचं सगळं गोत्र टेबलाच्या पायावरून चढत चढत थेट एंटरच्या खाली शिरत होतं. निहारने नेलकटरच्या टोकाने बटण उचकटलं. खाली गूळ-खोबरं! चांगलं चिकट, चंदनाच्या गंधासकट. एकदा थाप बसली की बटण दाबलेलंच राहत होतं.

“मीच घातलं,” सोयराबाई शांतपणे म्हणाल्या. “आयुधपूजेला. शिवणयंत्राला तेल देतो, गाडीला लिंबू ठेवतो, मग ह्याला काय उपाशी ठेवायचं? तूच नाही का सांगितलंस, हे मोठं बटण दाबलं की सगळं आत जातं? मला वाटलं, ह्याचं तोंड ते.”

सगळ्यांनी नैवेद्य दाखवला होता. सोयराबाईंनी भरवला होता!

बटण पुसलं, मुंग्या झटकल्या, आणि छापखान्याचं मशीन सुरू व्हायच्या आत मेल गेला: ‘आई जिवंत आहे. कै. काढणे.’ निहार पाया पडला तेव्हा सोयराबाई त्याला म्हणाल्या, “स्वल्प गूळ उरलाय, तू खा.”

पत्रिका झकास छापून आली. पहिली पत्रिका सोयराबाईंनी स्वतः वाचली, बोट लावून, आपल्या नावापाशी दोनदा थांबून. लग्नात पुढच्या रांगेत बसून चिरोटी खाल्ली.

पुढे एकदा अण्णांनी गिरीराजला दुसऱ्या एका कार्डाचा मजकूर मेल केला. त्याचा लगेच फोन आला. “अण्णा, मागच्या वेळेसारखं नको. ते ‘कै.’ काढू ना?”

अण्णा म्हणाले, “नको. या वेळी राहू दे.”

अक्षराच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, माघात, रथसप्तमीच्या सकाळी सोयराबाई गेल्या.