भरतीच्या आत

शिंपीकाकांनी घर दाखवायला बरोबर ओहोटीची वेळ दिली होती. नदी समुद्राला मिळते तिथली ही वस्ती. इथे भरतीच्या वेळी घर दाखवणारा माणूस अजून जन्मायचाय! भरती आली की काकांच्या मोरीतून पाणी उलटं वर येई आणि थेट स्वयंपाकघरात फेरफटका मारून जाई. दर वेळी सामान उचलून काकूंचे गुडघे कामातून गेले होते. उंच भागातली एक जागा दोघांनी हेरून ठेवली होती, पण हे घर खपल्याशिवाय ती मिळणार कशी?

घर बघायला आल्या एक नर्सबाई. आल्या त्या हलायलाच तयार नाहीत! भिंती ठोकून पाहिल्या, कपाटामागे डोकावल्या, खिडक्या पुन्हा पुन्हा उघडून बघितल्या.

"बाई, तुम्हाला उशीर होत असेल ना?" काका घड्याळाकडे बघत म्हणाले.

"छे हो, आज सुट्टी आहे मला."

"मग चहा टाकते," काकू म्हणाल्या. काकांनी डोळे वटारले, पण तोवर नर्सबाई ऐसपैस बसल्याही होत्या.

चहा होतो न होतो तोच मोरी गुरगुरायला लागली. काकांनी झटकन शिलाई मशीन सुरू केलं.

"हा कसला आवाज?"

"मशीनला तेल हवंय!" काका ओरडले आणि काकूंच्या कानात कुजबुजले, "जा, मोरीवर पाट टाकून बस!"

काकू बसल्या. नर्सबाईंनी आत डोकावून बघितलं.

"अगबाई, या इथे का बसल्यात?"

"तिला उकडतं फार," काका घाम पुसत म्हणाले.

एवढ्यात पाटाखालून पाणी निघालं आणि सरळ नर्सबाईंच्या पायांशी आलं. काकांनी डोळेच मिटले. गेलं घर हातचं!

"सापडली एकदाची!" नर्सबाई जवळजवळ ओरडल्याच. "कधीची शोधतेय! मागच्या वेळी घरमालकानं सगळं उत्तम म्हणून सांगितलं, आता छपरातून धो धो गळतंय. या गावात बिनखोटीचं घर? शक्यच नाही! ही खोट कळेना म्हणून माझाच जीव टांगणीला लागला होता. खालून येणारं पाणी निदान परत तरी जातं हो. ठरलं, मी घेतलं घर!"

काकांच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यांना इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं.

"बाई, तुम्ही इतक्या मनमोकळ्या आहात, तर तुमच्यापासून आता काय लपवायचं? पावसाळ्यात ना, त्या मागच्या भिंतीतून..."

"अहो!" मोरीवरून काकू कडाडल्या. "आधी मला उठवा!"