स्टेपनीवर चालणारा ब्रश

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी अकरा वाजता सम्यकच्या गच्चीवर हवेच्या दाबाने शाई फवारणारा एक एअरब्रश, दोन पुस्तकं, शाईची एक बाटली, जीपची एक स्टेपनी, सात कागद आणि तारेवर वाळत घातलेले नऊ पांढरे कपडे होते. पाण्याचे ड्रम तीन होते. तिन्ही रिकामे होते. नळाला पाणी परवा येणार होतं.

सम्यक भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाला होता आणि जे काही शिकायचं ते पुस्तकातूनच शिकायचं, अशी त्याची शिस्त होती. एअरब्रशने रंगवायला शिकवणारी ही दोन पुस्तकं त्याने शहागंजातल्या रद्दीच्या दुकानातून आणली. जाड पुस्तकातला ‘नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका’ हा भाग, पान एक्केचाळीस ते छप्पन, कुणीतरी फाडून नेला होता. त्यामुळे त्या चुका सम्यकला एकेक करून स्वतःच शोधाव्या लागत होत्या.

बारक्या पुस्तकात लिहिलं होतं, की ब्रशला हवा पुरवायला काँप्रेसर नसला तर मोटारीचं सुटं चाकही चालतं. सम्यककडे मोटार नव्हती, पण सिल्लोडच्या मामांकडे जीप होती. तिची स्टेपनी भाच्याने पंक्चर काढायला टाकली आहे, असं मामांना वाटत होतं. गेले बारा दिवस ती गच्चीवर होती. चाळीस पौंड हवा भरली की ब्रश सहा मिनिटं चालायचा. मग ती बावीस पायऱ्या उतरवून कोपऱ्यावरच्या शफीकभाईच्या पंक्चरच्या दुकानात न्यायची आणि भरून पुन्हा बावीस पायऱ्या वर चढवायची.

पहिला धडा अगदी सोपा होता. कागदावर सगळीकडे सारखा, फिकट रंग बसवायचा. सम्यकच्या सहा कागदांवर निळी डबकी झाली होती. म्हणून सातव्या वेळी त्याने फवारा एकदम बारीक केला. धुक्यासारखा फवारा निघाला, वाटीतली शाई संपली, त्याने ती पुन्हा भरली, पुन्हा संपली, तिसऱ्यांदाही संपली, आणि कागद होता तसाच राहिला.

त्याची धाकटी बहीण विशाखा वर आली.

“दादा, कागद तर कोराय.”

“फिकट रंग बसवायलोय.”

“इतका फिकट?”

“वाटीत दोन मिलिलिटर मावते. तीनदा भरली. म्हणजे सहा मिलिलिटर शाई ब्रशमधून बाहेर पडली.” सम्यकने कागद उन्हात धरून पाहिला. “वस्तू अशी नाहीशी होत नसती, विशू. ती कुठंतरी असणारच.”

विशाखा कॉमर्सला होती. तिने वारा कुठून येतोय ते पाहिलं, वाऱ्याकडे पाठ केली आणि समोर बोट दाखवलं.

“आईच्या साडीवर आहे.”

सम्यकने मान वळवली आणि त्याच्या हातातला ब्रश खाली आला.

ही साडी साधी नव्हती. दरवर्षी पौर्णिमेला विहारात सगळे पांढरे कपडे घालून जात, पण या वर्षी महिला मंडळाने त्रिशरण-पंचशील म्हणायला सम्यकच्या आईला, केसरबाईंना, पुढे बसवायचं ठरवलं होतं. माइकवर, पहिल्यांदाच. त्यातून गेल्या वर्षीची गोष्ट त्या अजून विसरल्या नव्हत्या. तेव्हा त्यांनी साडीला नीळ घातली होती. ती बादलीत नीट विरघळली नाही आणि पाठीवर मोठा निळा डाग पडला. “केसरबाई, पाठीवर वैजापूर तालुका काढला का हो?” असं शेजारच्या सुलेखा मावशींनी भर विहारात विचारलं होतं. तेव्हापासून घरात नीळ बंद झाली. या वर्षीची साडी नवी होती, आणि शेवटचा ड्रम फक्त पांढऱ्या कपड्यांसाठी राखून त्यांनी ती सकाळी स्वतः धुतली होती.

“धुऊन टाक की पटकन,” विशाखा म्हणाली.

“पाणी कुठाय?”

“जारचं?”

“जारमध्ये सहा लिटर असंल. साडी बुडायला पंधरा तरी लागतंय. अर्धवट भिजली की डाग पडणार.”

“वैजापूर?”

“आख्खा जिल्हा.”

दोघांनी साडीचं टोक धरून जवळून पाहिलं. डाग कुठेच नव्हता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडी किंचित निळसर झाली होती, इतकंच.

“नुसती साडी बघितली तर कळत पण नाय,” विशाखा म्हणाली. मग तिने शेजारचं पोलकं साडीला लावलं. “आता कळतंय.”

साडीशेजारी पोलकं पिवळट दिसत होतं. पोलक्याशेजारी वडिलांचा, सखाराम यांचा, सदरा तितकाच पिवळट. सम्यकने तारेवरचे कपडे मोजले.

“साडीचा रंग काढता येत नाय. म्हणजे बाकीचे आठ साडीसारखे करायचे. सगळेच तसे असले की तुलना करायला काही उरत नाय.”

“दादा, ह्याला शिक्षण म्हणतात का रे?”

“आई कधी येणार?”

“एक वाजता.”

घड्याळात पावणेबारा झाले होते. स्टेपनीत हवा नव्हती.

शफीकभाई दुकानासमोर कुणाच्या तरी स्कूटरचं चाक काढत बसले होते. घरंगळत येणारी स्टेपनी पाहून त्यांनी पाना खाली ठेवला.

“जय भीम, सम्यकभाई. आज दुसरी बार?”

“चाळीस भरा, शफीकभाई. जल्दी.”

“बारा दिन से देखरा मैं. ये चक्का गाडी को लगताच नै. हवा जाती किधर?”

“कपड्यांवर.”

शफीकभाईंनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. पंचेचाळीस पौंड भरून दिले.

वर आल्यावर सम्यकने टेपने मोजलं. ब्रश जिथे होता तिथून साडी दोन मीटर दहा सेंटीमीटरवर होती. तेवढ्याच अंतरावर, वाऱ्याच्या त्याच बाजूला उभं राहून त्याने पोलक्यापासून सुरुवात केली. विशाखा मोबाइलवर वेळ बघत होती. प्रत्येक कपड्याला पंचेचाळीस सेकंद ठरले होते. परकर झाला, पायजमा झाला, सम्यकचा सदरा आणि पँट झाली, विशाखाचा कुर्ता झाला. ओढणी लांब निघाली, तिने सव्वा मिनिट खाल्लं. वडिलांच्या सदऱ्याची डावी बाही राहिली असताना ब्रश फुसफुसला आणि बंद पडला.

त्याच वेळी जिन्यावर पावलं वाजली.

“कपडे काढले का रं? ऊन लई झालंय, पिवळे पडतील.” केसरबाई वर आल्या. त्यांनी स्टेपनी पाहिली, पुस्तकं पाहिली, दोन्ही पोरांचे चेहरे पाहिले, आणि थेट साडीला हात घातला.

“नीळ कुणी घातली?”

“नीळ नाय, आई. शाई,” सम्यक म्हणाला, आणि मग थांबलाच नाही. सातवा कागद, पश्चिमेचा वारा, सहा मिलिलिटर, पोलकं, शफीकभाई, सगळं त्याने क्रमाने सांगितलं. केसरबाई ऐकत नव्हत्या. त्या साडी वीत वीत करून हातातून पुढे सरकवत होत्या. साडेपाच मीटर संपायला बराच वेळ लागला.

“एक पण डाग नाय,” त्या म्हणाल्या.

“चुकलं, आई. पाणी आलं की मी स्वतः…”

“अरं, एक पण नाय म्हणायले मी! आख्ख्या साडीला सारखी. माझ्या आईला जन्मात अशी नीळ घालता आली नाय.” त्यांनी साडी लांब धरली. उन्हात ती इतकी पांढरी दिसत होती, की विशाखाने डोळे बारीक केले.

सम्यक स्टेपनीवर बसला.

“आन् ही बाही?” केसरबाईंनी नवऱ्याचा सदरा वर केला. “तुझ्या बापाच्या एका हातानं काय घोडं मारलं?”

“हवा संपली.”

“मंग भरून आण की. बसलास काय?”

दुसऱ्या दिवशी केसरबाई माइकसमोर बसल्या. पहिल्या ओळीला आवाज थोडा कापला, पुढे खणखणीत लागला. मागच्या रांगेत सुलेखा मावशी त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. वंदना संपल्यावर त्या पुढे आल्या आणि पदर चिमटीत धरून त्यांनी दोन्ही बाजूंनी तपासला.

“केसरबाई, नीळ कोणती वापरली?”

“दुकानात मिळत नाय ती,” केसरबाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी मामांचा फोन आला. पंक्चर निघालं का, असं त्यांनी विचारलं. चाकात हवा किती टिकते ते तपासणं चालू आहे, असं सम्यकने सांगितलं. हे खरंच होतं.

पुढच्या रविवारी सकाळी गच्चीतल्या तारेवर सहा घरांच्या चौदा साड्या होत्या. स्टेपनी सात वेळा खाली गेली आणि सात वेळा वर आली. दुपारी सम्यकने वहीत लिहिलं: अंतर दोन मीटर दहा, हवा पंचेचाळीस पौंड, वारा पश्चिमेचा, डाग शून्य.

उरलेल्या हवेवर त्याने आठवा कागद लावून पहिला धडा पुन्हा केला. डबकी तीन.